दुसरा रकाना

तक्रार ज्याच्याविरुद्ध होती, तोच ती घेऊन आला. पत्र पाकिटात, पाकीट फायलीत, फाईल प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी छातीशी. परवाना कचेरीत सतरा वर्षं कारकुनी केल्यावर माणूस स्वतःचं वाईटसुद्धा टाचणी लावून नीट आणतो. धाकटा तर जन्मापासूनच नीटनेटका.

सकाळचे नऊ वाजले होते. कालवं धुवायच्या शेडमध्ये नळ चालू होता. ताई रबरी बूट घालून लांब टेबलाशी उभी होती आणि अण्णा तराफ्याच्या इंजिनाचा पंप उघडून जमिनीवर बसला होता. आई खिडकीजवळच्या खुर्चीत. तिला बस म्हणावं लागत नसे, आणि ऊठ म्हणायची कोणाची छाती नव्हती. धाकट्याच्या मागून त्याची बायको आत आली. ती प्राथमिक शाळेत शिकवते म्हणून घरात सगळे तिला मास्तरीण म्हणतात, सासूसुद्धा, फक्त सासूच्या तोंडून तो शब्द जरा आंबट येतो. आज शाळा असूनही ती इथे होती. तिला पाहिलं आणि ताईने नळ बंद केला.

"पाणी किती आहे?" धाकट्याने आधी तेच विचारलं. कारकून झाला तरी पोर याच घरचं.

"काल दुपारी एकतीस," ताई म्हणाली. "अजून दोन अंश चढलं की तोंडं उघडायला लागतील."

कालव मेलं की त्याचं तोंड उघडतं. हे वाक्य या घरात जेवताना कोणी उच्चारत नाही.

"आज ओहोटी दोनला तळाला जाते," अण्णा पंपातून डोकं न काढता म्हणाला. "उधाणाची आहे. आज पिंजरे उचलले तर उचलले, नाहीतर पंधरा दिवस थांबा आणि फावडी घेऊन या. काय म्हणाले तुझे साहेब?"

धाकट्याने पिशवी टेबलावर ठेवली, फाईल काढली, आणि फायलीची नाडी सोडून परत बांधली.

प्रकरण तसं साधं होतं, आणि साध्या माणसांनीच केलं होतं. या घराची कालवं वर्षातून दोनदा घर बदलतात. वादळी महिन्यांत ती खाडीच्या आत असतात, लाटांच्या आडोशाला, चिखलात रोवलेल्या लाकडी मांडवांवर. उन्हाळा लागला की तिथलं उथळ पाणी तापतं, मग पिंजरे उचलून खाडीच्या टोकाबाहेरच्या खोल पाण्यात न्यायचे. आजोबांनी नेले, बाबांनी नेले, आता ताई नेते. गेल्या वर्षी नवा नियम आला: किनाऱ्याच्या पाण्यात पिंजरा, मांडव, बोया, काहीही ठेवायचं तर परवाना हवा, आणि परवान्यावर जागा हवी. घरातच कारकून, म्हणून अर्ज धाकट्याने भरला. सुटीच्या दिवशी कचेरीचं मोजणीचं यंत्र घेऊन आला, पिंजऱ्यांशेजारी गुडघाभर चिखलात उभा राहिला, आकडे घेतले. यंत्राची वायर ताईने धरली होती. होडी अण्णाने. 'जागा' असा एक रकाना होता, त्यात आकडे लिहिले, आणि तिघांनी समाधानाने चहा घेतला. पिंजरे त्या दिवशी खाडीत होते. बाहेरच्या जागेची आठवण तिघांपैकी एकालाही झाली नाही. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला जाणारा माणूस मी घर बदललं असं म्हणतो का?

कचेरी मात्र तसंच म्हणत होती. टोकाबाहेर नेलेला पिंजरा म्हणजे नवं उपकरण. नव्या उपकरणाला नवा परवाना. नव्या परवान्याला नव्वद दिवस.

"एक वाट आहे," धाकटा शेवटी म्हणाला. "लेखनदोष. म्हणजे अर्ज भरताना कचेरीच्या माणसाकडून चूक झाली, असं अर्जदाराने लिहून दिलं तर साहेब त्याच दिवशी दुरुस्तीचा आदेश काढू शकतात. बाहेरची जागा परवान्यात घालून देतील. आज पाच वाजेपर्यंत सहीचं पत्र पोचलं, तर पिंजरे आज उचलले तरी हरकत घेणार नाहीत."

"मग झालं की!" अण्णा उठलाच. "कुठे आहे पत्र?"

"हे काय."

"आणि ज्याच्याकडून चूक झाली, त्याचं काय होतं?" मास्तरणीने विचारलं. तिला माहीत होतं. सकाळी पाचपासून ती तेच विचारत होती आणि उत्तर ऐकत होती. आता ते तिला सगळ्यांसमोर हवं होतं.

"चौकशी," धाकटा म्हणाला. "घरच्याच माणसाचा अर्ज स्वतः हाताळला, हेही त्यात येईल. चौकशीपर्यंत निलंबन. नंतर..." त्याने नाडी परत सोडली. "नंतर बहुतेक घरी."

नळाखालच्या टोपलीतून पाणी गळत होतं.

अण्णाचे हात ग्रीसने काळे होते आणि ते कुठे पुसायचे हे त्याला कळेना. तो वाईट माणूस नव्हता. धाकट्याला त्याने खांद्यावर बसवून पोहायला शिकवलं होतं. पण त्याला आठ वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा दिसत होता, बाबा इस्पितळात असतानाचा. धावपळीत पिंजरे न्यायला तीन आठवडे उशीर झाला होता. अण्णाने एकट्याने चार दिवस फावड्याने शिंपा उपसल्या, नाकाला फडकं बांधून, आणि रोज संध्याकाळी इस्पितळात जाण्याआधी तीनदा साबण लावून आंघोळ केली, तरी बाबांना वास येईल अशी भीती वाटायची. "नेले ना पिंजरे?" बाबा विचारायचे. "नेले," अण्णा सांगायचा. बाबा गेले ते कालवं खोल पाण्यात आहेत असं समजून. हे त्याने आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं, आणि आत्ताही सांगणार नव्हता.

"सही कर, ताई," तो म्हणाला. "परवाना तुझ्या नावावर आहे. नोकरी काय, दुसरी बघू. तराफ्यावर मला माणूस हवाच आहे."

"तराफ्यावर!" मास्तरीण फिरली. "सतरा वर्षं टेबलावर बसलेल्या माणसाला तुम्ही तराफ्यावर घेणार? त्यांना धड गाठ मारता येत नाही, अण्णा!"

"येते," धाकटा पुटपुटला.

"तुम्ही गप्प बसा."

"आणि तुला काय वाटतं, आई?" ताईने विचारलं. ती पत्र उचलून उजेडाकडे धरून वाचत होती.

आईने खिडकीबाहेर बघतच उत्तर दिलं. "नोकरी काय, माणसाची असते. माणूस जगला की दुसरी मिळते. कालव मेलं की तीन वर्षं जातात."

मास्तरणीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं. या घरात लग्न करून आली तेव्हापासून तिला एक संशय होता, की इथे माणसं आणि कालवं एकाच तराजूत टाकली तर काटा कुठे झुकेल ते सांगता येत नाही. आज खुद्द सासूने तिच्या देखत वजन करून दाखवलं. "बरोबर आहे," ती म्हणाली, "तुमची तीन वर्षं. माझ्या नवऱ्याची सतरा गेली तर तुमचं काय जातं!"

"मला चालेल," धाकटा म्हणाला. "मी स्वतःच आणलंय ना पत्र."

ताईने वाचायला सुरुवात केली, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सदरहू अर्ज भरताना सदरहू कारकुनाने निष्काळजीपणाने केवळ एकाच जागेची नोंद केली. सदरहू चुकीस अर्जदार अथवा सदरहू कचेरी कोणत्याही प्रकारे जबाबदार नाही..."

"थांबा," मास्तरीण म्हणाली. तिने पुढे होऊन पत्र ताईच्या हातातून घेतलं. दोन ओळींत चार 'सदरहू'. पूर्णविरामानंतर दोन जागा सोडलेल्या. समासाला अर्ध्या इंचाची चौकट. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ती या माणसाचे मसुदे तपासत आली होती. त्याच्या 'सदरहू'वर तिने जेवढी लाल शाई घातली, तेवढी शाळेच्या सगळ्या वर्गांवर मिळून घातली नसेल.

"हे तू टाईप केलंस?" सासरच्या माणसांसमोर ती त्याला कधी अरेतुरे करत नसे. आज तोंडातून गेलं.

धाकट्याने मान खाली घातली. "साहेबांनी सांगितलं. म्हणाले, तुम्हीच करा, बाहेर कोणाला कळायला नको. मजकूर त्यांनी सांगितला. 'निष्काळजीपणाने' हा शब्द त्यांचा."

"आणि तू 'ष' बरोबर काढलास."

"हो."

खुर्ची करकरली. आई उठली होती. न सांगता, न टेकता. ती टेबलाशी आली, पत्र वाचता येत नसल्यासारखं दुरून पाहिलं (वाचता तिला चांगलं येत होतं), आणि मग धाकट्याकडे.

"तुझ्याच हाताने?" ती म्हणाली.

"आई, तो नुसता कागद आहे..."

"माझ्या पोराला त्याच्याच फाशीचा दोर वळायला लावला? आणि वर तोच घरी पोचवायला पाठवला?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं असं अण्णाला वाटलं. "चूक केली म्हणून मुलाला मारलेलं मी समजू शकते. मी स्वतः मारलंय. पण छडी त्याच्याकडूनच तोडून आणवायची? कोण हा साहेब? कुठल्या घरचा?"

"आई, आत्ता तर तू म्हणालीस..." अण्णाने सुरुवात केली.

"मघाशी काय म्हटलं ते मला सांगू नकोस. मघाशी मला ठाऊक नव्हतं. ताई, सही केलीस तर या शेडमध्ये मी पाऊल ठेवणार नाही."

अण्णाने पंप उचलला आणि परत ठेवला. सकाळपासून दोन विरुद्ध एक होतं, त्याचं कधी उलटं झालं ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"मला एक सांग," ताई धाकट्याला म्हणाली. ती अजून त्याच्यावर रागावली नव्हती, आणि त्याला तेच जास्त लागत होतं. "साहेबांना एवढी घाई कशाची? आपल्या शहाण्णव पिंजऱ्यांसाठी साहेब पाच वाजेपर्यंत कचेरीत बसून राहणार?"

धाकटा इकडेतिकडे बघू लागला. मग जे बायकोलाही सांगितलं नव्हतं ते बोलला. "फॉर्म साहेबांनी तयार केलाय. स्वतः. वरून शाबासकी आली त्याबद्दल. या किनाऱ्यावर दोन जागी कालवं ठेवणारी छत्तीस घरं आहेत. सगळ्यांच्या अर्जात एकच जागा आहे, कारण रकानाच एक आहे. सगळ्यांना या महिन्यात पिंजरे हलवायचेत. आपण पहिले. आपण 'चूक कारकुनाची' असं लिहून दिलं की पुढच्या पस्तिसांची चूकही माझ्याच नावावर लागते, कारण सगळे अर्ज माझ्याच टेबलावरून गेलेत. फॉर्म बरोबर ठरतो."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी," मास्तरीण म्हणाली.

"आणि संन्याशाने स्वतःच फास टाईप करून आणला," ताई म्हणाली. आता ती रागावली. तिचा राग ओळखायची खूण म्हणजे ती हातमोजे काढते. तिने ते काढले आणि टेबलावर एकावर एक ठेवले. "त्या दिवशी यंत्राची वायर माझ्या हातात होती. चिखलात मी उभी होते. बाहेरची जागा मला आठवली नाही, जिथे मी तीस उन्हाळे पिंजरे नेले. मग हा एकटा निष्काळजी कसा? मी सही करणार नाही. आणि कालवंही मारणार नाही. पिंजरे आज जाणार."

"ताई!" धाकटा कळवळला. "परवान्याबाहेर ठेवलेलं उपकरण ते जप्त करतात. परवानाही रद्द. मग खाडीतली जागाही गेली. तेल गेलं, तूप गेलं."

"करू दे जप्त."

"अगं, शूरपणा करायला हरकत नाही," अण्णा ओरडला, "पण शूरपणाने कालवं जगतात का? मला एक सरळ वाट सांगा कोणीतरी! सही नको म्हणता, ठीक. त्याला वाचवायचं, ठीक. मग मेलेल्या शिंपा कोण उपसणार आहे? मीच ना?" त्याचा आवाज फाटला, आणि असं का झालं ते विचारायचं कोणाला सुचलं नाही.

मास्तरीण धाकट्याची फाईल उलटत होती. नियमांची पुस्तिका तिथे असणारच, तिने ती मसुद्यात दोनदा तपासली होती. दुसऱ्या पानावरचं एक वाक्य तिला आठवत होतं, कारण त्यात कर्ता हरवला होता आणि तिने तो शोधून घातला होता.

"उपकरण म्हणजे काय?" तिने विचारलं.

"म्हणजे पिंजरे, मांडव..."

"वर्गात असं उत्तर दिलं तर मी शून्य देते. ऐका. 'उपकरण म्हणजे पाण्याच्या तळाशी बांधलेली, रोवलेली अथवा नांगर टाकून सोडून दिलेली वस्तू. ज्या नौकेवर मनुष्य हजर आहे, अशा नौकेला लटकवलेली वस्तू उपकरण समजली जाणार नाही.' कलम दोन, पोटकलम तीन."

"ते खेकडे पकडणाऱ्यांसाठी आहे," धाकटा म्हणाला. "हौशी लोक होडीतून जाळी सोडून बसतात ना, त्यांना उगीच परवाना नको म्हणून."

"तसं लिहिलंय?"

"लिहिलं नाहीये, पण साहेबांच्या मनात..."

"मी पेपर तपासते तेव्हा लिहिलंय त्याला मार्क देते. मनात होतं त्याला नाही."

अण्णा सावकाश खाली बसला आणि पंपाचे स्क्रू आवळू लागला. तो हिशेब करत होता, पिंजऱ्यांचा. "तराफ्याला इंजिन आहे, नंबर आहे, म्हणजे ती नौका," तो जमिनीला सांगितल्यासारखं म्हणाला. "तराफ्याखाली चाळीस लटकतील. दोन होड्यांना आडवे बांबू घातले तर एकेकीला अठ्ठावीस. झाले शहाण्णव. पण तिन्हीवर माणूस हवा. रात्रंदिवस. नवा परवाना येईपर्यंत, म्हणजे नव्वद दिवस." त्याने मान वर केली. "आपण पाच जण आहोत."

"आमच्या मुलींना सुट्ट्या लागतायत," मास्तरीण म्हणाली. "मलाही."

"तुला?" अण्णा म्हणाला. "तू धक्क्यावर उभी राहिलीस तरी तुला मळमळतं."

"मळमळेल. नियमात 'मनुष्य हजर' म्हटलंय, ठणठणीत म्हटलेलं नाही."

"मलाही पाळी लावा," आई म्हणाली.

"आई, तू होडीत..."

"होडीतच जन्मायची मी. तुझ्या आजीने घाई केली म्हणून धक्क्यावर जन्मले." ती परत खुर्चीत बसली, आणि सुनेकडे पाहून म्हणाली, "मास्तरीणबाई, ते पोटकलम पुन्हा एकदा वाचा. सावकाश. मला पाठ करायचंय."

या वेळी तो शब्द आंबट नव्हता, आणि मास्तरणीने तो सावकाश वाचला.

•

बारापर्यंत पाणी बरंच उतरलं होतं. होड्या आणि तराफा मांडवांना खेटून आणले होते, पाणी सरलं तसे ते चिखलावर टेकले. एकला मांडव उघडे पडले आणि काम सुरू झालं. पिंजरा उचलायचा, हलवून चिखल पाडायचा, दोराला नवी गाठ, होडीत रचायचा, वर ओलं गोणपाट. एक पिंजरा उचलायला दोन माणसं लागतात. ताई आणि मास्तरीण एका जोडीत होत्या. तसं का झालं ते कोणी ठरवलं नव्हतं. मास्तरणीचा एक बूट चिखलात राहिला तो राहिलाच. ती उरलेल्या एका बुटावर आणि एका मोज्यावर सव्वातीनपर्यंत उभी होती.

"तू आधी माझ्या विरुद्ध का नाही बोललीस?" ताईने मध्येच विचारलं. "मी गप्प होते तेव्हा तुला वाटलं असेल, ही सही करणार."

"वाटलं."

"मलाही वाटलं होतं." ताईने पिंजऱ्याचं आपलं टोक उचललं. "पत्र हातात घेतलं तेव्हा मी पेन शोधत होते. तुला सांगून ठेवते, नंतर कधी मी मोठेपणा सांगायला लागले तर आठवण करून दे."

मास्तरणीने आपलं टोक उचललं. एवढी वर्षं या नणंदेला ती दगड समजत होती.

पलीकडे धाकटा गाठी मारत होता. अण्णा त्याच्या मागून प्रत्येक गाठ ओढून बघत होता, आधी मुद्दाम, मग सवयीने. पन्नासाव्या गाठीनंतर त्याने बघणं सोडलं.

चारला भरतीने होड्या उचलल्या. तराफ्याच्या इंजिनाने दोनदा नकार दिला, अण्णाने त्याला त्याच्या कुळासकट शिव्या घातल्या, आणि तिसऱ्यांदा ते लागलं. मागे दोराला दोन होड्या, एकीत ताई आणि मास्तरीण, दुसरीत आई. आई गोणपाटावर बसून पोटकलम पुटपुटत होती.

•

टोकाबाहेर पाणी निळं होतं आणि थंड होतं. ताईने हात घालून पाहिला आणि तिच्या तोंडून हायसं झाल्याचा आवाज निघाला. साडेपाचपर्यंत शेवटचा पिंजरा पाण्यात लटकला. पावणेसहाला कचेरीची लाँच आली.

धाकट्याने ती दुरून ओळखली. तिच्या डिझेलची बिलं तो मंजुरीला लावायचा. त्याला वाटलं, आपण तराफ्यावर आडवं व्हावं, म्हणजे दिसणार नाही. मग आपल्याच विचाराची लाज वाटून तो उभा राहिला.

साहेब लाँचच्या कठड्याशी आले. अंगावर कचेरीचाच शर्ट होता, पायात कचेरीचेच बूट. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"होड्या," ताई म्हणाली.

"खाली काय आहे?"

"पाणी."

"आणि पाण्यात?"

"आमची कालवं. जिथे उन्हाळ्यात असतात तिथे."

"बाई, हे परवान्याबाहेर आहे. हे सगळं उपकरण मला जप्त करावं लागेल."

मास्तरीण होडीच्या कडेवर ओणवी होती. गेला अर्धा तास ती तशीच होती आणि तिचा चेहरा शेवाळासारखा झाला होता. तिने तोंड पुसलं, मान वर केली. "कलम दोन, पोटकलम तीन," ती म्हणाली. "एक मिनिट हं." ती परत वाकली. साहेबांनी नजर दुसरीकडे वळवली. "हां. मनुष्य हजर असलेल्या नौकेला लटकवलेली वस्तू उपकरण नाही. मी मनुष्य. हजर."

"मीही," दुसऱ्या होडीतून आई म्हणाली, आणि पोटकलम सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. एक शब्दही चुकला नाही.

"ते कलम यासाठी नाही," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला, कारण लाँचचा चालक ऐकत होता. "आणि नव्वद दिवस माणसं बसवणार तुम्ही? एक होडी जरी पाच मिनिटं रिकामी सापडली..."

"साहेब," अण्णा म्हणाला, "आमच्या घरात भांडायला माणसं कधी कमी पडली नाहीत. बसायला कशी पडतील?"

साहेबांची नजर धाकट्यावर आली. कचेरीत ती नजर आली की धाकटा उभा राहायचा. आज तो आधीच उभा होता. "तुम्ही इथे कसे?"

"रजेवर आहे. कालच मंजूर केलीत. कारण, घरगुती काम."

"पत्राचं काय झालं?"

"सही झाली नाही, साहेब."

"मग चूक कोणाची ते कागदावर यायला हवं. तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतोय? सोमवारी या. बघू."

सतरा वर्षांत धाकट्याने या माणसाला 'हो साहेब'शिवाय दुसरं उत्तर दिलं नव्हतं. ते उत्तर आत्ताही जिभेवर तयार होतं. त्याने बायकोकडे पाहिलं. ती होडीच्या कडेला लोंबत होती आणि तिथूनही त्याच्याकडे बघत होती.

"येतो," तो म्हणाला. "साडेदहाला टेबलावर असेन. ताईचा नवा अर्ज घेऊन येतो आणि आवकला मीच घेतो. त्या फॉर्ममध्ये जागेचा रकाना एकच आहे, म्हणून दुसरा मी पट्टीने आखून आणणार आहे. ज्यांच्या ज्यांच्या दोन जागा आहेत त्या सगळ्यांना आखून देणार आहे. चालत नसेल तर तुम्ही नाकारा, पण लेखी नाकारा, साहेब. नकाराखाली तुमची सही लागते. माझी तिथे चालत नाही."

साहेबांनी चालकाला हाताने खूण केली. लाँच वळली, तिच्या लाटेने तिन्ही नौका हलल्या, आणि मास्तरणीने लाँचला मनापासून एक शिवी दिली. ती शाळेत शिकवण्यासारखी नव्हती.

धाकटा ओल्या गोणपाटावर बसला. कोणी त्याला शाबास म्हटलं नाही. या घरात तशी पद्धत नाही. अण्णाने थर्मासमधला चहा झाकणात ओतून त्याच्या हातात दिला, अर्धा सांडला.

"किती फॉर्म लागतील?" पलीकडच्या होडीतून ताईने विचारलं.

"छत्तीस," धाकटा म्हणाला. त्याने चहाचा घोट घेतला. "सदतीस आणतो. एखादा चुकतोच."